मेणात थोडी राळ

टॉवेलच्या कारखान्याने मला चौदा महिने
इटलीला धाडलं, नव्या मागाची यंत्रणा शिकायला.
गाव नदीकाठचं, धुक्याचं;
नाव आमच्या घरात कुणालाच धड म्हणता आलं नाही.
आई म्हणायची, तुझं ते थंडीचं गाव.

खालच्या मजल्यावर एर्मिनियाबाई राहायच्या.
रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून
फळ्यांच्या फटीतून वर पेटी ऐकू यायची.
पेटीच.
वाटलं, एखादं भजनी मंडळ
रस्ता चुकून इतक्या लांब आलंय की काय.
जिना उतरून पाहिलं तर बाईंनी ती छातीशी धरलेली,
किरकिरणारं पोर धरतात तशी,
आणि मधला भाता, लुगड्याच्या निऱ्यांसारखा,
उघडतोय, मिटतोय.

ओढताना एक सूर.
ढकलताना, त्याच बटणावर, दुसरा.
मी हसलो. धोट्याच्या शेजारी वाढलेला माणूस मी,
जाताना एक, येताना दुसरा,
यात मला नवं ते काय!

तरी नाद लागायचा तो लागलाच.
जुन्या बाजारात सहा कोनांची एक भेटली, दोन मुठींत मावणारी.
एक चौकोनी, लांबलचक, उदास;
विकणारा खुणांनी सांगत होता, हिच्या बहिणी
बोटीत बसून समुद्रापलीकडे गेल्या, तिकडच्याच झाल्या.
सगळ्या आपल्या पेटीच्या नात्यातल्या.
सगळ्यांच्या पोटात तीच धातूची थरथरती जीभ,
जिला रीड म्हणतात.
आणि मागाच्या फणीलाही यंत्राच्या पुस्तकात रीडच म्हणतात!
ही गोष्ट त्या धुक्यात सांगणार कुणाला?
फोनवर नायनांना सांगितली.
पलीकडून खोकला आला. मग, 'बरं.'

निघताना बाईंनी ती माझ्या हातात ठेवली.
नवऱ्याची होती. बरंच काही बोलल्या,
त्यातला 'वारा' एवढाच शब्द मला कळला.

सोलापुरात, पूर्व भागात, आमच्या पत्र्याखाली
आईने विड्यांचं सूप बाजूला सारून विचारलं,
'एंदिरा इदी?
आणि हिला बसवायची कुठं?'

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला
आणि एका दुपारी तिच्या पोटात काहीतरी गळून पडलं.
हलवली की खुळखुळा.
मेण वितळलेलं. सूर सुटून भात्यात पडलेले,
म्हाताऱ्याच्या दाढा पडाव्यात तसे.

विजापूर वेशीला लालसाब नदाफ पेट्या दुरुस्त करतात.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
त्यांनी ती उघडली, बराच वेळ नुसती हुंगली.
'मेण भायेरचं हाय. हितलं ऊन त्याला ठावं न्हाई.'
मग?
'मग काय, राळ घालू थोडी जास्त. कडक करू.
भाकरीगत.'
आठ दिवसांनी गेलो तर मांडीवर घेऊन बसलेले,
पैसे मोजता मोजता म्हणाले,
'आपल्या पेटीला मांडी लागती, हिला ऊर लागतो.
बाकी घराणं एकच.'

नायना चाळीस वर्षं मागावर होते. छातीत कापसाचा भुगा.
सिव्हिलमधून आणलेलं ते तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र
कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्यांमागे.
'पोरांचं खेळणं', म्हणून एकदाही फुंकलं नाही.

काल लाईट गेली. गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले.
त्या शांततेत ते म्हणाले, आण ती.

छातीशी धरली. सूर एकही लावला नाही.
अंगठ्याखाली एक बटण असतं, नुसत्या हवेचं,
दाबलं की भाता हलतो आणि काहीच वाजत नाही.
मला ते बाईंनी अगदी शेवटी दाखवलं होतं.
यांना कुणी दाखवलं?
तेच दाबून ते ओढत राहिले, ढकलत राहिले.
अंधारात एक श्वास ऐकू येत होता,
कुणाचा, ते सांगता येईना.

थोड्या वेळाने परत दिली.
'फणी बरी बसवलीय त्यानं,' म्हणाले.